हक्क वा हट्ट

१ मार्च २०२४, शुक्रवार

ही डायरी बँकेनं फुकट दिली. अकरा लाख चाळीस हजारांचं शिक्षणकर्ज देऊन वर एक डायरी दिली म्हणजे काही उपकार केले नाहीत, पण कव्हर बरं आहे. चौतीस वर्षं आरोग्याच्या कचेरीत कारकुनी केली, दुसऱ्यांचेच कागद लिहिले. रिटायर झाल्यावर स्वतःच्या चार ओळी लिहाव्या म्हटलं, तर पहिली नोंद बँकेचीच.

आज पत्र आलं. ‘सहकर्जदार श्री. काकासाहेब’, म्हणजे मी. माझ्या पोरीचं, शैलाचं शिक्षण संपल्यावर मिळालेली एक वर्षाची मुदत ३० जूनला संपते. १० जुलैपासून दरमहा अठरा हजार तीनशे पन्नास. एकशे वीस हप्ते. आणि अकरा-चाळीसचे आता साडेतेरा लाखांच्या वर झालेत. मुदतीत हप्ता नसतो, व्याज असतं. हे कागदात होतं आणि तो कागद मी सही करायच्या आधी वाचला होता. हप्ता नाही म्हणजे व्याजही नाही, असं मनानंच धरून बसलो. जन्मभर लोकांना ‘नीट वाचून सही करा’ म्हणून खेकसणारा माणूस मी! कुणाला सांगायची सोय नाही.

शैला पुण्याहून सार्वजनिक आरोग्याची मास्टर डिग्री घेऊन आली त्याला आठ महिने झाले. दिवसभर लॅपटॉपवर अर्ज भरत बसते. विचारलं, किती झाले? म्हणाली, “मोजत नाही, अण्णा.” मी असतो तर मोजले असते.

६ मार्च, बुधवार

करमाडहून वच्छलाबाई आली, माझी थोरली बहीण. तिच्या तोंडाला कुलूप कसं ते माहीत नाही. चहा संपायच्या आत म्हणाली, “मास्टर व्हायला अकरा लाख? आमचा पुंजाराम साठ हजारात डी.एड. झाला की! तो बी मास्तरच.”

शैला हसली. पुण्याहून आल्यापासून पहिल्यांदा एवढी हसली. मला मात्र राग आला. बाईला दोनदा समजावून सांगितलं की ही मास्टर म्हणजे शाळेतली नाही, ही साथीचे रोग बघणारी. तर म्हणे, “मंग डॉक्टरच म्हणा की सरळ.” डॉक्टर नाही म्हटल्यावर तिचा इंटरेस्टच गेला.

खरं तर शैलाला बारावीनंतर नर्सिंगला जायचं होतं. मी जाऊ दिलं नाही. “सिस्टर व्हायचं नाय, साहेब व्हायचं,” हे माझंच वाक्य. कंत्राटी सिस्टरांचे हाल मी रोज टेबलावर बघायचो. आणि करोनात साथरोगवाल्या साहेबाची वट काय होती! ते खोलीत आले की सगळे उठून उभे राहायचे. तेव्हाच ठरवलं, पोरगी त्या खुर्चीत बसवायची.

१९ मार्च, मंगळवार

नोकरी आली! पुण्याच्या एका कंपनीकडून. दवाखान्यांची आकडेवारी तपासायचं काम. हातात चौतीस हजार. शैला स्वयंपाकघरात उडी मारत गेली, आईला मिठी मारली, दोघींनी शिरा केला.

मी कागद घेऊन बसलो. खोली नऊ, जेवण चार-साडेचार, हप्ता अठरा-तीन-पन्नास. उरले दोन हजार. त्यात येणं-जाणं, कपडा, आजारपण. शैलाला दाखवलं. ती म्हणाली, “दीड-दोन वर्षांत पन्नासवर जातं, अण्णा. तोवर तुम्ही महिन्याला पाच हजार टाका. पुढं मी फेडते, तुमचेही.”

मी म्हणालो, जातं कशावरून? लिहून दिलंय का कुणी?

म्हणाली, “असं लिहून कुणीच देत नाही.”

मग? जे लिहून देत नाहीत त्यावर मी सही करत नाही. पंधरा एप्रिलपर्यंत कळवायचंय. अजून लई दिवस आहेत. शिरा चांगला झाला होता.

२ एप्रिल, मंगळवार

जुन्या ऑफिसात जाऊन आलो. माझ्या टेबलावर आता वैजनाथ बसतो. माझ्याच हाताखाली तयार झालेला, आला तेव्हा ‘सदर’ कुठं लिहायचं तेही ठाऊक नव्हतं. उठून उभा राहिला, चहा सांगितला. मग हळूच म्हणाला, “काकासाहेब, तालुका साथरोग समन्वयकाची जागा निघतेय. करमाडकडची. आचारसंहिता उठली की मुलाखती. शैलाताईंचं शिक्षण तंतोतंत बसतंय.”

मानधन पंचवीस हजार. पुण्यापेक्षा कमी, पण राहणं घरी, उस्मानपुऱ्यात. भाडं नाही, मेस नाही. हप्ता जाऊन साडेसहा हजार उरतात. सरळ हिशोब आहे.

कंत्राटी आहे, हे मला कळत नाही असं नाही. कंत्राटी नेमणुकीच्या ऑर्डरचा नमुनाच माझा! वैजनाथनं फाईल काढून दाखवली, “अजून तुमचाच चालू हाय. एका अक्षराला हात लावला नाय.” पंधरा वर्षं झाली. तेव्हाचे साहेब म्हणाले होते, काकासाहेब, मजकूर असा बांधा की हे लोक उद्या कोर्टात गेले तरी टिकला पाहिजे. मी बांधला. एक वर्षाची नेमणूक, शेवटचा एक दिवस कमी. त्या दिवसाला तांत्रिक खंड म्हणायचं. दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर. म्हणजे सलग सेवा होतच नाही आणि कायम करायचा प्रश्न येत नाही. आणि खाली: ‘सदर उमेदवारास सेवेत कायम होण्याचा हक्क वा हट्ट धरता येणार नाही.’ ‘हट्ट’ माझ्या पदरचा. साहेब पोट धरून हसले होते आणि म्हणाले होते, राहू द्या, राहू द्या, छान वाटतंय.

आज परत वाचला. अजूनही कुठं फट नाही. बरं वाटलं.

शैलाचं अर्थात वेगळं आहे. एवढी शिकलेली आहे. तिला साहेबलोक असंच थोडं ठेवतील?

७ एप्रिल, रविवार

पाडव्याची खरेदी करायला बायकोला, आशाबाईला घेऊन गुलमंडीच्या बाजारात गेलो. ती दुकानात पातळं बघत बसली, मी बाहेर उभा. तेवढ्यात कुणी “नमस्कार साहेब” म्हणालं. बघतो तर अनसूया सिस्टर. करमाडच्या उपकेंद्रातली कंत्राटी नर्स. माझ्याच नमुन्यावर हिची ऑर्डर दर वर्षी निघायची. केस पिकलेत बाईचे.

ही २०१६ साली माझ्या टेबलापुढं आली होती, आठवा महिना होता. खंडाचा दिवस बाळंतपणाच्या रजेत पडत होता. मधे खंड आला की नवी नेमणूक, आणि नव्या नेमणुकीला पगारी रजा लागू नाही. “साहेब, तेवढा एक दिवस नका टाकू.” मी म्हणालो होतो, बाई, तुझ्यासाठी एक दिवस काढला तर उद्या बाकीच्या नव्वद जणी दारात उभ्या राहतील. नियमाप्रमाणं बोललो होतो. ती बावीस दिवसांचं लेकरू घेऊन कामावर हजर झाली, असं नंतर कानावर आलं.

तिनं विचारलं, “पोरगी काय करती आता?” मी सांगितलं, मास्टर झाली, आता बहुतेक आमच्याच ऑफिसची ऑर्डर निघेल. बाईनं माझ्याकडं जरा वेळ बघितलं. मग म्हणाली, “व्हय का? बरं झालं. म्हणजे आमच्यातच आली.”

आमच्यातच म्हणजे काय? पोरगी मास्टर आहे. कुणाला कसं बोलावं याची पोच नाही लोकांना. आशाबाईनं शैलासाठी घेतलेला ड्रेस महाग पडला, त्यावरून वाटेत उगाच तिच्यावर ओरडलो.

१५ एप्रिल, सोमवार

शैलानं पुण्याला नको म्हणून कळवलं. तिनंच कळवलं. मी फक्त एवढंच म्हणालो होतो, “कर्जावर माझी सही हाय. तू हप्ता चुकवलास तर ते माझ्या पेन्शनला हात घालणार. मग मी सांगतो तिथं जायला काय हरकत हाय?”

ती म्हणाली, “बरं.”

मला वाटलं होतं भांडेल, रडेल. नुसतं बरं. समजूतदार आहे पोरगी. आशाबाईनं ताट वाढलं आणि स्वतः जेवायला बसलीच नाही. उपास असेल. सोमवार आहे.

१३ जून, गुरुवार

मुलाखत झाली. निवड झाली. एका जागेला एकशे चौदा उमेदवार होते, त्यात दोन डॉक्टर! वैजनाथचा फोन आला, “पेढे पाहिजेत, काकासाहेब.” पाव किलो नेऊन दिले.

हप्ता सुरू व्हायला सत्तावीस दिवस. वेळेवर झालं सगळं. एवढे दिवस छातीवर कुणी बसल्यासारखं वाटत होतं, आज जरा उठलं.

२४ जून, सोमवार

ऑर्डर आली. शैलानं उभ्याउभ्या वाचली आणि एकदम हसायला लागली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तिच्या. मी म्हणालो, अगं, आनंद आहे पण एवढा? ती म्हणाली, “लई छान लिहिलंय, अण्णा,” आणि आत निघून गेली.

मग मी चष्मा लावला.

दि. १ जुलै २०२४ ते २९ जून २०२५. दि. ३० जून तांत्रिक खंड. मानधन रुपये पंचवीस हजार फक्त. ‘कु. शैला काकासाहेब’ हे नाव, आणि खाली, तेच वाक्य. हक्क वा हट्ट.

मला माहीत नव्हतं का? माहीत होतं. दोन एप्रिलला ह्याच डायरीत मीच लिहिलंय, आत्ता मागं जाऊन वाचलं. ‘बरं वाटलं’ असं लिहिलंय. वैजनाथचा चहा पिऊन, त्याला पेढे देऊन मीच हा कागद घरात आणला. पण त्या वाक्यावर तिचं नाव कसं दिसेल हे डोक्यात आलंच नाही. तिथं नेहमी दुसऱ्याच कुणाचं तरी नाव असायचं. नव्वद नावं टाईप केली असतील, एकदाही नाव वाचल्याचं आठवत नाही. नमुन्यात ती जागा कोरी असायची, टिंब टिंब.

मला लाज वाटतेय. दुसरा शब्द सापडत नाही.

२५ जून, मंगळवार

सकाळी शैलाला म्हणालो, “त्या ऑर्डरीतलं ते शेवटचं वाक्य...”

“माहितीये.”

“काय माहितीये?”

“तुमचं हाय ते. मी लहानपणी गुलमंडीवर बाहुलीसाठी रडले की तुम्ही म्हणायचे, ‘सदर मुलीला हट्ट धरता येणार नाही.’ आठवतं का? आई हसायची. सबंध सरकारात असं दुसरं कोण लिहिणार, अण्णा?”

मी म्हणालो, “जाऊ नकोस. पुण्याच्या कंपनीला परत विचार.”

“विचारलं. मे महिन्यातच. जागा भरली.” मग वेणी घालत म्हणाली, “पंधरा दिवसांनी हप्ता हाय. मी कुठं जाऊ?”

मे महिन्यात विचारलं होतं. म्हणजे एप्रिलात ‘बरं’ म्हणाली ते बरं नव्हतं. आशाबाई दारात उभी होती. ती माझ्याकडं बघून म्हणाली, “त्या सोमवारी मला उपास नव्हता.” बास, एवढंच बोलली.

२७ जून, गुरुवार

वैजनाथकडं गेलो. म्हणालो, ते वाक्य तरी काढ, आणि तो एक दिवस बघ काही करता येतं का. तो खुर्चीतून उठला नाही यावेळी. चिडला नाही, हसलाही नाही. म्हणाला, “काकासाहेब, तुमच्या पोरीसाठी एक दिवस काढला तर उद्या बाकीच्या नव्वद जणी दारात उभ्या राहतील. तुम्हीच शिकवलंय ना?”

शिकवलंय. चांगला शिकलाय गडी. त्याच्या जागी मी असतो तर मीही हेच बोललो असतो, आणि बोललोही होतो.

बँकेत गेलो. मॅनेजर कोवळा पोरगा. हप्ता कमी करा म्हटलं, तर म्हणाला मुलीच्या पगाराची स्लिप आणा. मी म्हणालो पगार नाही, मानधन आहे. “मग कायम नाहीत का त्या?” नाही. “मग कसं करणार, काका?” कर्ज देताना विद्यापीठाच्या रंगीत पुस्तकात ‘सरासरी पगार सात लाख’ असं छापलं होतं, ते ह्याच टेबलावर मी कौतुकानं दाखवलं होतं. आता ते पुस्तक कुठं शोधायचं?

घरी येईपर्यंत शर्ट घामानं भिजला होता. सगळीकडून दारं बंद, आणि कड्या मीच लावलेल्या.

१० जुलै, बुधवार

पहिला हप्ता कापला. शैलाचं पहिलं मानधन महिना भरल्यावर, तेही निधी आला तर, म्हणतात. पेन्शनमधून भरला.

१६ ऑक्टोबर, बुधवार

तीन महिन्यांचं मानधन एकदम आलं. शैलानं आधीच्या हप्त्यांचे सगळे पैसे माझ्या खात्यावर टाकले. मी नको म्हणालो, तिनं ऐकलं नाही. सात वाजता निघते, करमाड, तिथून खेड्यापाड्यांत. डबकी बघते, तापाचे रुग्ण मोजते, आकडे पाठवते. चेहरा उन्हानं रापलाय. काम मात्र आवडतं तिला, एवढं मला दिसतं. अनसूया सिस्टरचं नाव रोज तोंडात. “सिस्टर म्हणाल्या, सिस्टरनी दाखवलं.”

वच्छलाबाई भेटली की सांगते, “आमच्या गावात तुझी पोरगी गटारं हुंगत फिरती.” आणि मग, “पण पोरं लई कमी आजारी पडली अवंदा.”

३० जून २०२५, सोमवार

जुन्याच डायरीत लिहितोय. बँकेनं यंदा दिली नाही.

आज शैलाचा खंडाचा दिवस. म्हणजे कागदावर आज ती बेकार. मला वाटलं, एक दिवस तरी पोरगी झोपेल. साडेसहाला बघतो तर डबा भरतेय. म्हणालो, “आज कशाला? आज तुझा पैसा नाय, मस्टरवर सही नाय. रस्त्यात काय झालं तर कुणी जबाबदार बी नाय.”

“शेंद्र्याच्या बाजूला तापाचे सहा पेशंट निघालेत, अण्णा. त्यांना कुठं खंड हाय?”

मी पायात चपला घातल्या आणि म्हणालो, मीही येतो. जालना रोडनं बसनं गेलो, शेजारी शेजारी बसून. तिकीट तिनं काढलं. वाटेत मी म्हणालो, “सोडून दे हे. पुणं, हैदराबाद, कुठंही जा. उद्याची ऑर्डर घेऊच नकोस. दोन वर्षं मी भरतो हप्ते, जमतील तसे.” गेल्या वर्षी तिनं हेच मागितलं होतं, पाच हजारांनी भागलं असतं.

ती खिडकीतून बाहेर बघत होती. म्हणाली, “वर्षभर शोधतेच हाय मी. सगळे एकच विचारतात, कंत्राटी होतात ना? मग अनुभव निम्मा धरू. पगारही निम्माच.” आणि मग माझ्याकडं वळून, अगदी माझ्या ऑफिसच्या आवाजात, “सदर वडिलांना हट्ट धरता येणार नाही.”

आणि हसली. मला हसता आलं नाही.

उपकेंद्रात मस्टर टेबलावर उघडं होतं. शैलाच्या नावापुढं आजच्या चौकोनात लाल शाईची आडवी रेघ. मास्टर व्हायला अकरा लाख चाळीस हजार लागले आणि मस्टरवर रेघ. अनसूया सिस्टरनं मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मग कपाटातून शाळकरी पोरांची असते तसली शंभर पानी वही काढली. म्हणाली, “मस्टरवर सही करता येत नाय ना साहेब, म्हणून आम्ही ह्यात करतो. खंडाच्या दिवशी आलो होतो म्हणून.”

पहिली सही २०१० ची, अनसूया. मग ११, १२. दर साली एक ओळ, कधी शेजारी दुसऱ्या सिस्टरांच्या सह्या. २०१६ च्या ओळीत सही वेडीवाकडी होती. मी विचारलं नाही, तरी ती म्हणाली, “एका हातात लेकरू होतं.”

उजवीकडं एक रकाना आखलेला, वर लिहिलेलं ‘समक्ष’. सगळा कोरा. “कोण सही करणार?” सिस्टर म्हणाली. “ऑफिसच्या माणसानं केली तर त्याची नोकरी जाईल.”

मी म्हणालो, माझी जाऊन तीन वर्षं झाली. पेन द्या.

पहिल्या ओळीपासून करत आलो. सोळा सह्या. २०१६ ला हात थांबला, मग केली. शेवटी आजची ओळ, शैलाची सही, तिच्यासमोर माझी. सिस्टरनं पदर डोळ्याला लावला आणि लगेच कुणाला तरी इंजेक्शन द्यायचं म्हणून आत गेली. ह्या सह्यांनी कुणाला एक रुपया मिळणार नाही, कुठल्या कोर्टात ही वही टिकणार नाही. ते मजकूर बांधणाऱ्या माणसाला चांगलं माहीत आहे.

वही मिटताना दिसलं, शैलानं आपल्या सहीखाली पेन्सिलीनं पुढच्या ओळींना साल घालून ठेवलंय. २६, २७, २८, असं ३४ पर्यंत. नऊ ओळी.

मी म्हणालो, “एवढ्या पुढचं कशाला लिहून ठेवलंस?”

“हप्ते तोवर हायेत ना, अण्णा,” ती म्हणाली, आणि पिशवी उचलून पेशंट बघायला निघाली.